पावसाळ्यात टायरची हवा कमी करताय?

पहिला जोरदार पाऊस झाला की पेट्रोल पंपावर हवेच्या मशीनपाशी एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘पावसाळा आहे, दोन-तीन पॉइंट कमीच ठेव, ग्रिप चांगली मिळते.’ हवा भरणारा मुलगाही मान डोलावतो. सांगणारा बहुधा अनुभवी चालक असतो आणि त्याचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नसते. वाळूत किंवा चिखलात रुतलेल्या गाडीची हवा थोडी सोडली की टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो आणि गाडी बाहेर निघते. चूक एवढीच, की हाच नियम तो ओल्या डांबरी रस्त्याला लावतो. तिथे हिशेब नेमका उलटा आहे.

कारचा एक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. समजा, रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली आहे. साडेसोळा सेंटिमीटर रुंदीच्या टायरला आपल्या वाटेतून दर सेकंदाला सुमारे ११ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. म्हणजे प्रत्येक चाकाला सेकंदागणिक एक बादली. टायरवरची नक्षी शोभेची नाही, हे पाणी वाहून नेणारी ती गटारे आहेत. वेग वाढला किंवा खाचा उथळ झाल्या की पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही. ते पाचरीसारखे टायरखाली घुसते आणि चाक रस्त्यावरून उचलले जाऊन पाण्यावर तरंगू लागते. याला हायड्रोप्लेनिंग किंवा ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. त्या क्षणी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही असून नसल्यासारखे.

या पाचरीला अडवते ती टायरमधली हवा. टायर रस्त्यावर जेवढा दाब देतो, तो साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. पाण्याचा दाब त्याहून वाढला की टायर हरतो. हवा कमी असेल तर टायरचा मधला भाग आत दबतो आणि पाण्याला शिरायला आयती जागा मिळते.

ओल्या धावपट्टीवर विमाने का घसरतात, याचा अभ्यास करताना ‘नासा’च्या वॉल्टर होर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये याचे सोपे सूत्र मांडले. हवेच्या दाबाचे (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढायचे आणि त्याला सुमारे १६.७ ने गुणायचे, की चाक ताशी किती किलोमीटर वेगाला तरंगू लागेल ते मिळते. खाचांपेक्षा पाणी खोल असेल किंवा टायर गुळगुळीत असेल, तेव्हाचा हा अंदाज आहे. ३६ पीएसआयला उत्तर येते १००, तर २५ पीएसआयला ८३. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट पट्ट्यात कारला ताशी १०० ची मर्यादा आहे. म्हणजे हा फरक कागदावरचा नाही, आपण रोज ज्या वेगात असतो त्यातलाच आहे.

त्यात निसर्ग आधीच थोडी हवा काढून घेतो. मे महिन्यात ४० अंशांत भरलेली हवा जूनच्या अखेरीस २५ अंशांवर आली की दोन पीएसआयहून अधिक दाब आपोआप उतरतो. उन्हाळ्यात ‘टायर फुटेल’ या भीतीने मुळातच हवा कमी भरली असेल, तर आणखीच. गाडीला किती हवा लागते हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेले असते. पावसाळ्यासाठी वेगळा आकडा नसतो. टायरच्या बाजूला कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. आणि हवा तपासायची ती टायर थंड असताना.

नव्या कारच्या टायरच्या खाचा साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. खाचेच्या तळाशी मधेमधे रबराचे छोटे उंचवटे दिसतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो कायद्यानेही बाद. पण पाणी फेकण्याची ताकद त्याच्या बरीच आधी घटलेली असते, म्हणून पावसाळ्यापुरती तरी तीन मिलिमीटर ही सीमा मानलेली बरी. गोटा झालेल्या टायरला तापलेल्या पात्याने नव्या खाचा पाडून देणारेही भेटतात. अशाने आतल्या धाग्यांवरचा रबराचा थर पातळ होतो आणि पावसात घसरणारा टायर उन्हाळ्यात फुटणारा होतो.

खिशाकडे पाहून दोनच टायर घ्यायचे ठरले, तर दुकानदार ते बहुधा पुढे बसवतो. ‘सगळा लोड पुढेच असतो ना!’ नवे टायर मागे बसवायला सांगा. पुढची चाके तरंगली तर गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते, वेग कमी केला की बहुधा ताब्यात येते. मागची तरंगली तर गाडी स्वतःभोवती गरकन फिरते, आणि ते सावरणे मुरलेल्या चालकालाही कठीण जाते.

तरंगणे दूर राहिले, नुसता ओला रस्ताही पुरेसा असतो. ताशी ८० च्या वेगात पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तरी गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर ती ३५-४० मीटरमध्ये थांबेल, ओल्यावर साठच्या पुढे. एकूण अंतर एकामागे एक उभ्या केलेल्या सात एसटी बसइतके. पहिल्या पावसात तर उन्हाळाभर साचलेले तेल, धूळ आणि रबराचा चुरा पाण्यात कालवला जातो, आणि भुरभुर पाऊस तो धुऊनही नेत नाही.

स्टिअरिंग अचानक हलके लागले किंवा वेग न वाढता इंजिनचा आवाज चढला, तर चाके तरंगू लागली असे समजावे. ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे, ब्रेक दाबू नये. एबीएसचाही इथे उपयोग नाही, कारण चाकाखाली रस्ताच नसतो. जड ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये पाणी साचते. एरवी चाकोरी सोडा म्हणणारे फार भेटतात, पावसात महामार्गावर ते शब्दशः ऐकावे.

दुचाकीचा टायर अरुंद आणि गोलसर, त्यामुळे तो पाणी कापतो आणि क्वचितच तरंगतो. तिचा धोका वेगळा : झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, उड्डाणपुलाचे सांधे, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेला चिखल. यांवरून जाताना गाडी कलती नको, ब्रेक नको, एकदम रेसही नको. रेल्वे फाटकातले रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत. हवेचे दुचाकीलाही तेच. मागच्या चाकासाठी बहुतेक गाड्यांवर दोन आकडे दिलेले असतात, एकटे असताना एक आणि मागे कोणी बसले असेल तर दुसरा, जास्तीचा. तिघांसाठी आकडा कोणीच छापत नाही.