बटण कुठलं, हे शेवटी शिकवा

हैदराबादजवळच्या मूडुचिंतलपल्ली गावात 29 ऑक्टोबर 2020 रोजी जमीन नोंदींच्या ‘धरणी’ पोर्टलचं उद्घाटन झालं आणि तेलंगणातले सुमारे 570 तहसीलदार एकदम सहदुय्यम निबंधकही झाले. शेतजमिनीचं खरेदीखत यापुढे त्यांनीच नोंदवायचं आणि त्याच बैठकीत फेरफारही करून द्यायचा. आपल्याकडे महाराष्ट्रात खरेदीखत एका कार्यालयात होतं, फेरफार तलाठ्याकडे पडतो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एवढी वाट तिथे एका टेबलावर आली. जुनी नोंदणी 8 सप्टेंबरला बंद झाली होती, नवी 2 नोव्हेंबरला सुरू झाली. तहसीलदारांना प्रात्यक्षिकांचं प्रशिक्षण मिळालं ते उद्घाटनाच्या अगदी तोंडावर.

ते प्रशिक्षण वाया गेलं असं नाही. विकणारा एक, घेणारा एक, नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, वाद नाही, अशी प्रकरणं झटपट निकाली निघू लागली. अडचण आली ती बाकीच्या प्रकरणांत. कुणाच्या नावात चूक, कुणाचं क्षेत्र कमी लागलेलं, कुणाची मालकीची जमीन खरेदी-विक्रीस मनाई असलेल्या जमिनींच्या यादीत गेलेली. तहसीलदाराला पडदा वापरता येत होता, पण समोरच्या शेतकऱ्याच्या अडचणीसाठी पडद्यावर जागाच नव्हती आणि दुरुस्तीचा अधिकारही त्याच्या हाती नव्हता. मग एकेक मॉड्यूल वाढत गेलं आणि संख्या तिशीपार गेली. नोंदीतल्या चुकांसाठीचं ‘टीएम 33’ हे नाव गावोगावच्या शेतकऱ्यांना पाठ झालं. हे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जायचे आणि तिथे साचायचे.

त्यात आणखी एक गोष्ट झाली होती. सप्टेंबर 2020 मध्येच सरकारने ग्राम महसूल अधिकाऱ्यांची पाच हजारांवर पदं कायद्याने रद्द केली. भ्रष्टाचार थांबवणं हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. पण कुठला बांध कुणाचा, कोण वारला, वारस कोण, हे ठाऊक असणारी माणसंही त्याबरोबर गेली. नव्या प्रणालीला लागणारं ज्ञान असं दाराबाहेर गेलं, तर वर्गात बसवून ते परत आणता येत नाही.

त्याच खात्यातला जुना अनुभव

जमीन नोंदणी संगणकावर आणण्याचा हैदराबादचा हा पहिला प्रयत्न नव्हता. संयुक्त आंध्र प्रदेशात सनदी अधिकारी जे. सत्यनारायण यांच्या पुढाकाराने ‘कार्ड’ प्रकल्प आखला गेला. 1996 मध्ये कामाला सुरुवात झाली, आधी मोजक्या कार्यालयांत चालवून पाहिलं आणि नोव्हेंबर 1998 मध्ये तो राज्यातल्या दोनशेहून अधिक दुय्यम निबंधक कार्यालयांत पोहोचला. तोवर दस्त वहीत हाताने नकलून घेतला जाई, जमिनीवर बोजा आहे का याचा दाखला हवा तर जुन्या सूच्या पानोपान चाळाव्या लागत. कित्येक दिवसांचं ते काम मिनिटांवर आलं. दोन वर्षांच्या अवधीत कर्मचाऱ्यांना यंत्राची आणि यंत्र बनवणाऱ्यांना खात्याची सवय झाली.

तरी ‘कार्ड’ही आदर्श नव्हतं. अभ्यासक जोनाथन केसली यांनी 2004 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दाखवून दिलं की कार्यालयाबाहेरचे दस्तलेखक, मध्यस्थ आणि त्यांच्यामार्फत होणारी देवघेव तशीच राहिली. कारकुनाला संगणक शिकवला, पण दाराशी आलेल्या माणसाला त्याचं काम स्वतःहून कसं करायचं, हे कुणी शिकवलं नाही.

माणूस पुस्तिका वाचत नाही

कार्यालयीन सॉफ्टवेअर माणसं कशी शिकतात, याचा अभ्यास आयबीएममध्ये जॉन कॅरल यांनी 1980 च्या दशकात केला. जाड मार्गदर्शिका कुणी वाचत बसत नाही, हातातलं काम उरकण्यासाठी माणूस थेट कळा दाबू लागतो आणि भलतीकडेच अडकतो, असं त्यांना आढळलं. मग 1984 मध्ये त्यांनी एक प्रयोग मांडला. लेखनाच्या प्रणालीतल्या, नवशिक्यांना गोत्यात आणणाऱ्या सोयी तात्पुरत्या बंद केल्या, लहान मुलाच्या सायकलला जादा चाकं लावावीत तशा. ही प्रणाली वापरणारी माणसं लवकर शिकली आणि कमी चुकली.

आपल्याकडे सॉफ्टवेअर कसं शिकवतात ते पाहा. हैदराबादच्या अमीरपेठेत मैत्रीवनमच्या आसपास सॅप, ओरॅकल, टेस्टिंग शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या एकावर एक लटकलेल्या असतात. आंध्र-तेलंगणाबरोबर मराठवाड्यातली मुलंही तिथे जातात. तिथे मिळतं ते उत्पादनाचं शिक्षण, आणि नोकरी शोधणाऱ्याला तेच हवं असतं. पण टॅलीवरून सॅपवर जाणाऱ्या कारखान्याच्या लेखापालाला वेगळंच हवं असतं. ऑर्डरचा अर्धाच माल आला, दर मधेच बदलला, एकच बिल दोनदा पडलं, पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक चुकला, तर करायचं काय? पहिल्या महिनाअखेरीला कामं अडतात ती इथेच.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात पडद्यापासून करू नये. गेल्या वर्षभरातली सगळ्यात किचकट वीस-पंचवीस प्रकरणं कर्मचाऱ्यांनीच काढावीत आणि खोट्या नोंदींच्या सराव-प्रणालीवर चालवून पाहावीत. जिथे वाट सापडणार नाही, तिथे सॉफ्टवेअर बदलायचं की नियम, हे सुरू करण्याआधी ठरवावं. प्रत्येक विभागातला एक जाणता माणूस पहिले दोन-तीन महिने रोजच्या कामातून मोकळा ठेवावा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी जे दोन मिनिटांत समजावतो, ते हेल्पलाइनला जमत नाही. आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाला, किती, हे लेखी असावं. अधिकाराविना शिकवलेला माणूस ग्राहकापुढे हात वर करण्याखेरीज काही करू शकत नाही.

महाराष्ट्राने 2017 च्या उन्हाळ्यात काहीसं असंच केलं होतं. संगणकीकृत सातबारा चावडीवर वाचून दाखवला, लोकांच्या हरकती घेतल्या, तलाठ्यांनी दुरुस्त्या केल्या आणि 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सर्व्हरच्या कटकटी आणि तलाठ्यांची नाराजी होतीच, पण चुका आधी माणसांसमोर आल्या, मग पडद्यावर पक्क्या झाल्या.

तेलंगणाने 14 एप्रिल 2025 रोजी ‘धरणी’च्या जागी ‘भू भारती’ आणलं, तेव्हा आधी चारच मंडलं निवडली. अर्ज घेतले, अडचणी पाहिल्या आणि मग राज्यभर पाऊल टाकलं. अपिलाची सोय आली आणि गावपातळीवर महसुलाचा माणूसही पुन्हा नेमला गेला. 2020 मध्ये वाचवलेला वेळ राज्याने पुढची चार-पाच वर्षं अर्जांच्या ढिगाऱ्यात फेडला. कारखाना असो, बँक असो की तहसील कचेरी, नवी प्रणाली सुरू करण्याची तारीख ठरवणाऱ्याने एकच विचारावं: सरळ प्रकरण सगळ्यांना जमेल, वाकडं प्रकरण आलं तर आपला माणूस काय करणार? याचं उत्तर मिळेपर्यंत तारीख पुढे ढकलणं स्वस्त पडतं.