ढोल कोणत्या रसाचा?

रसविचार शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर सात स्वर लिहितो आणि भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातली वाटणी सांगतो. मध्यम-पंचम हास्य-शृंगाराला, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र आणि अद्भुताला, गांधार-निषाद करुणाला, धैवत बीभत्स-भयानकाला. मुले उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, मी गुण देतो. सगळे कसे सुरळीत चालते!

चार वर्षांपूर्वी मात्र तास संपल्यावर शेवटच्या बाकावरचा एक विद्यार्थी दाराशी थांबला. अक्कलकुव्याच्या डोंगराकडचा मुलगा. वर्षभरात त्याच्या तोंडून चार वाक्ये निघाली असतील नसतील. म्हणाला, "सर, ढोलात सूर नसतो. मग तो कोणत्या रसाचा?"

मला उत्तर सुचले नाही. तोच म्हणाला, "होळीला काठीला या."

त्याच हिवाळ्यात माझी आई गेली होती. अंत्यविधी, दिवसकार्य, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, सारे मी नीट पार पाडले. लोक म्हणाले, धीराचा आहे. खरे सांगायचे तर मला रडूच आले नव्हते, आणि त्याची मनातून लाज वाटत होती.

काठी हे सातपुड्यातले गाव, जुन्या मेवासी संस्थानांपैकी एकाचे. तेथली राजवाडी होळी नंदुरबार जिल्ह्यात सर्वांत मानाची. मी मोलगीच्या वाटेने पोचलो तेव्हा सांज झाली होती. उंचच उंच बांबू उभा करायची तयारी चालली होती. नवस केलेले पुरुष कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधून, अंगावर पांढरी नक्षी रेखून, मोरपिसांचे टोप घालून येत होते. या मंडळींना होळीआधी काही दिवस कडक व्रत पाळावे लागते. ते जमिनीवरच निजतात.

आणि मग ढोल सुरू झाले. एक नव्हे, गावोगावचे. भले मोठे, गळ्यात अडकवलेले. पहिला तासभर मी प्राध्यापकासारखा ऐकत होतो, म्हणजे मनात टिपणे काढीत होतो. गाण्यांतला एक शब्द कळत नव्हता. मध्यरात्रीनंतर केव्हातरी टिपणे थांबली. ठोका पायांतून वर चढत होता. शेजारचे लोक एका पावलाने हलत होते आणि माझेही पाऊल त्यांत कधी मिसळले, कळले नाही. पहाटे होळी पेटली. ज्वाळा बांबूवर चढल्या, ढोल एकदम चढले, आणि मी ढसाढसा रडू लागलो.

कुणी चौकशी केली नाही. एका म्हातारीने मुकाट्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. विद्यार्थी जवळ आला, म्हणाला, "आमच्याकडे लग्नाला ढोल वाजतो, मयतालाही वाजतो. ठोका तेवढा वेगळा."

अंगावर काटा आणणारे संगीत ऐकताना मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य पाझरते, असे माँट्रियलच्या संशोधकांनी 2011 साली दाखवले. असेलही. पण एकट्याने ऐकणे निराळे आणि हजारोंच्या पावलांत ऐकणे निराळे. याच मुलखात, तळोद्याजवळच्या मोरवडला, गुलाम महाराजांनी 1930 नंतरच्या दशकात सोमवारच्या आरतीला हजारो आदिवासी गोळा केले. एकमेकांना 'आप' म्हणा, दारू सोडा, एवढेच सांगणे. महाराज 1938 साली वारले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी आरती पुढे चालवली आणि ब्रिटिश सरकारला तिचे भय वाटू लागले. नुसत्या व्याख्यानाला इतकी माणसे सोमवारमागून सोमवार डोंगर उतरून आली असती, असे मला वाटत नाही. व्याख्याने देणे हा माझाच धंदा आहे, म्हणून सांगतो!

घरी परतल्यावर मी धाकट्या बहिणीला फोन लावला. आई भाकरी थापताना एक अभंग गुणगुणत असे. मला त्याचे शब्द आठवेनात, चाल तेवढी होती. मी ती फोनवर गुणगुणलो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तिने शब्दांसकट पुढची ओळ उचलली. आई गेल्यानंतर आम्ही दोघे तिच्याविषयी बोललो ते त्या रात्री प्रथम.

फळ्यावर मी अजूनही तीच वाटणी लिहितो. मात्र शेवटी मुलांना तो प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी कुणाकडे जायचे तेही सांगतो.