मिरीचा वेल आणि त्याचे झाड

मिरीचा वेल झाडाचा रस शोषतो, असे कोकणातल्या आगरांतून हिंडताना मी अनेकदा ऐकले. ते खरे नाही. बांडगुळाची मुळे झाडाच्या आत शिरतात. मिरीच्या पेरांवरची मुळे सालीला नुसती धरून असतात. अन्नपाणी तो जमिनीतूनच घेतो.

मग झाड कशासाठी? जमिनीवर सरपटणाऱ्या फांद्यांना मिरी धरत नाही. तोच वेल खोडाला बिलगून चढू लागला, की त्याला आडव्या फांद्या फुटतात आणि त्यांवर घोस लागतात. चढणे ही फळण्याची अटच आहे.

आधार म्हणून खरखरीत सालीचे आंबा-फणस चालतात, सरळ वाढणारी पोफळही चालते. पांगारा तर फांदी खोचली तरी रुजतो. तो शेंगवर्गातला असल्याने मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधला जातो. फांद्या छाटल्या की वेलाला उजेड आणि जमिनीला पाला मिळतो.

या गुणांमुळे केरळात पांगाऱ्यावर फार भिस्त होती. २००४ साली शास्त्राने प्रथम नोंदवलेली एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी लवकरच तिथे पोहोचली. पाना-देठांवर गाठी आल्या, झाडे वाळली. आधार कोसळला की चढलेला वेलही खाली येतो. त्याला उचलून दुसऱ्या झाडावर नेता येत नाही.

आंबा, फणस, पोफळ, माड एकत्र नांदवणाऱ्या आपल्या आगरांना अव्यवस्थित म्हणण्यापूर्वी हे आठवावे. तिथे एक झाड गेले, तरी सगळे वेल जात नाहीत.