हृदयक्रिया बंद पडते म्हणजे काय?

वृत्तपत्रांतील निधनवार्तांत ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ हे शब्द इतके रूढ होऊन बसले आहेत की, त्यांतून वाचकाला नेमके काय कळले, हा प्रश्नच कोणाच्या मनात उद्भवत नाही. वास्तविक मृत्यू क्षयाने येवो, सर्पदंशाने येवो वा नुसत्या वार्धक्याने येवो, हृदयक्रिया अखेरीस सर्वांचीच बंद पडते. तेव्हा हे कारण देणे म्हणजे अमुक गृहस्थ मरण पावल्यामुळे वारले, असे सांगण्यापैकीच होय. सरकारी दप्तराने ही मेख फार पूर्वीच ओळखलेली आहे. मृत्यूच्या कारणाचा जो वैद्यकीय दाखला डॉक्टर भरून देतात, त्याच्या नमुन्यात मृत्यूस कारण झालेला रोग, इजा किंवा उपद्रव नमूद करावा, हार्ट फेल्युअर वगैरे मरणाचा केवळ प्रकार लिहू नये, अशी स्पष्ट ताकीद छापलेली असते. ती नेहमी पाळली जाते असे मात्र नाही.

परंतु रुग्णालयात डॉक्टर जेव्हा ‘कार्डिॲक अरेस्ट’ म्हणतात, तेव्हा त्यांना मृत्यूचा पर्याय अभिप्रेत नसतो. क्षणापूर्वीपर्यंत जिवंत असलेल्या माणसाचे हृदय रक्त ढकलण्याचे काम एकाएकी सोडून देते, आणि तत्काळ इलाज झाल्यास ते पुन्हा चालू होण्याची शक्यता असते, अशा अवस्थेला त्यांनी हे नाव दिलेले आहे. आपल्या बोलण्यात मात्र हिची आणि आणखी दोन अवस्थांची सर्रास गल्लत होते. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवणारी एखादी रोहिणी गुठळीने बुजणे. यात छाती आवळून येते, दरदरून घाम फुटतो, पण हृदय चालू असते आणि रोगी बहुधा शुद्धीवर असतो. ‘हार्ट फेल’ची तऱ्हा तर याहून चमत्कारिक आहे. लोकांच्या तोंडी त्याचा अर्थ माणूस गेला असाच होतो, आणि वैद्यकात तो हृदयाचा जोर कमी पडणे एवढाच आहे. पायांवर सूज, जिना चढताना धाप आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांच्या संगतीने असे रोगी वर्षानुवर्षे संसार करतात. म्हणूनच डॉक्टरांनी हे दोन शब्द सहज उच्चारताच बाहेर बाकावर बसलेल्या नातलगांनी टाहो फोडावा, आणि आतला रोगी त्या वेळी चहा मागत असावा, असेही प्रसंग घडतात.

हृदय बंद पडण्याचे सर्वांत सामान्य कारण झटका हे असले, तरी विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण बिघडणे, उपजत दोष, इतकेच नव्हे तर छातीवर नेमक्या क्षणी बसलेला चेंडूचा तडाखा, यांनीही ते घडू शकते. आणि ‘बंद’ हा शब्दही येथे थोडा फसवाच आहे. पुष्कळदा हृदय प्रारंभी निश्चल नसतेच. त्याच्या खालच्या कप्प्यांतील स्नायुतंतू एका हुकमाने आकुंचन पावण्याऐवजी, ढोलपथकातील प्रत्येकाने आपापल्या लहरीने टिपरू हाणावे तसे, स्वतंत्रपणे थरथरू लागतात. हालचाल उदंड, पण रक्त तसूभर पुढे सरकत नाही. या थरथरीला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात, आणि विद्युत्-आलेखावर तिची वेडीवाकडी, निरर्थक लाट उमटते. ती हळूहळू मंदावून सरळ रेष उरली, म्हणजे खरीखुरी निश्चलता आली. तिचे नाव असिस्टोल. चित्रपटांत ही सरळ रेष दिसताच डॉक्टर विजेचा झटका देताना दाखवतात, ते साफ चुकीचे आहे. झटक्याचा उपयोग थरथरीवर होतो: सगळी बेबंद धडपड एका क्षणात थांबवून हृदयाच्या स्वाभाविक चालकाला पुन्हा सूत्रे हाती घेण्यास वाव द्यावा, हा त्याचा हेतू. जेथे धडपडच उरलेली नाही, तेथे छातीवरील दाब आणि औषधे हाच मार्ग राहतो.

छातीवरील दाबाची कथा मोठी मौजेची आहे. १९४७ साली क्लीव्हलंडच्या क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर थरथरत असलेले एका मुलाचे हृदय विजेने ताळ्यावर आणले खरे, पण त्यासाठी छाती उघडलेली असावी लागे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील विल्यम कॉवेनहोव्हन हे पेशाने वैद्य नव्हेत, विद्युत् अभियंते. तारांवर काम करणारे कामगार धक्क्याने दगावत, म्हणून त्यांनी हा विषय हाती घेतला होता. त्यांच्या प्रयोगशाळेत विजेच्या जड तबकड्या कुत्र्याच्या छातीवर दाबताना, वीज सोडण्यापूर्वीच रक्तदाब किंचित वर चढतो, ही गोष्ट गाय निकरबॉकर या तरुण सहकाऱ्याच्या ध्यानात आली. तिचा पाठपुरावा करून, शल्यवैद्य जेम्स ज्यूड यांच्यासह या दोघांनी १९६० साली बंद छातीवरून हृदय दाबण्याची रीत प्रसिद्ध केली. सुरी, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह यांपैकी कशाचीही जरूर राहिली नाही. दोन हात पुरेसे झाले.

हे दोन हात बहुधा डॉक्टरांचे नसतात, घरच्यांचे वा शेजाऱ्यांचेच असतात, कारण हृदय थांबल्यावर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. तेवढ्यात रुग्णवाहिका दारी येणे क्वचितच घडते. अशा वेळी आपल्याकडे तोंडावर पाणी मारणे, कांदा हुंगवणे, पाणी पाजणे यांतच मोलाचा अवधी जातो. त्यात आणखी एक चकवा असतो: कोसळलेला माणूस काही काळ आचके देतो, आणि भोवतालचे लोक श्वास चालू आहे म्हणून निर्धास्त राहतात. हाका मारूनही जो ओ देत नाही आणि ज्याचा श्वास नेहमीसारखा नाही, त्याचे हृदय थांबले असेच धरून चालावे, १०८ क्रमांकावर कळवण्यास दुसऱ्यास सांगावे, आणि स्वतः छातीच्या मधोमध तळहात रोवून मिनिटास १०० ते १२० या वेगाने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. बरगडी मोडण्याची धास्ती पुष्कळांना वाटते. ती कधी मोडतेही, पण पुढे सांधते. विमानतळांसारख्या ठिकाणी भिंतीवर जे स्वयंचलित यंत्र टांगलेले असते, तेही वापरण्यास बिचकू नये. रोग्याच्या हृदयाची लय ते स्वतःच तपासते, आणि झटक्याची गरज नसेल तर कळ दाबूनही तो देत नाही.