आठवारी आणि नऊवारी : चौकडीच्या कापडाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात ग्लासगोहून पुतण्याचा फोन आला. मित्राचे लग्न होते आणि सगळ्या मित्रांनी किल्ट नेसायचा असे ठरले होते. तो म्हणाला, "काका, दुकानात चौकड्यांची चळत लावलीय. प्रत्येकीला कुठल्यातरी घराण्याचं नाव. आपलं आडनाव यात कुठे असणार? आणि एकाच चौकडीच्या चार-चार छटा! कुठली घेऊ?" लुगड्यांचा नाद मला वीस-बावीस वर्षांचा, पण स्कॉटिश कापडाचे काय कळणार? तरी वैभववाडीत बसून मिळेल ते वाचून काढले. जे हाती लागले त्याचा उपयोग पुतण्याला झाला, आणि त्याहून जास्त मला.

चौकडी कशी घडते

या चौकडीच्या कापडाला टार्टन म्हणतात. त्याचा नियम सोपा आहे. ताण्यात रंगांचे धागे ज्या क्रमाने आणि ज्या संख्येने लावले, त्याच क्रमाने बाण्यात घालायचे. जिथे तांबड्यावर तांबडा येतो तिथे निव्वळ तांबडा दिसतो; जिथे तांबड्यावर हिरवा येतो तिथे दोघांची मिसळ दिसते. म्हणून दोन रंगांतून तीन छटा निघतात, चारांतून दहा आणि सहांतून एकवीस. रंग जितके वाढवाल तितकी चौकडी गढूळ होते. चांगल्या टार्टनमध्ये मोजकेच रंग असतात, ते यामुळे.

बहुतेक चौकड्यांत धाग्यांचा क्रम एका टोकापर्यंत जातो आणि आरशात पाहावे तसा उलटा परत येतो. त्यामुळे अर्धाच क्रम लिहून ठेवला तरी पुरतो. रंगाचे नाव आणि पुढे धाग्यांची संख्या, एवढ्या एका ओळीवरून जगातला कुठलाही विणकर तीच चौकडी पुन्हा विणू शकतो.

घराण्याचे नाव किती खरे?

पुतण्याची पहिली अडचण नावाची होती. प्रत्येक घराण्याची चौकडी अनादिकाळापासून ठरलेली आहे, असा समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. 1746 च्या कायद्याने इंग्रज सरकारने डोंगराळ स्कॉटलंडमधील पुरुषांच्या या पोशाखावर बंदी घातली. ती 1782 मध्ये उठली. मधल्या काळात तो पोशाख मुख्यतः सरकारी पलटणींनी जपला. आपल्या जालना जिल्ह्यातील असईला 1803 मध्ये वेलस्लीच्या बाजूने लढलेली 78 वी हायलँडर पलटण ही अशीच, पण बंदी उठल्यानंतरची, सरकारी पलटण. तिची चौकडी म्हणजे 'ब्लॅक वॉच' या गडद निळ्या-हिरव्या सरकारी चौकडीवर ओढलेल्या तांबड्या आणि पांढऱ्या रेघा. दोन रेघांनी पलटण ओळखू येई.

घराण्यांची नावे पक्की झाली ती पुढे. बॅनकबर्नच्या विल्सन या विणकरांच्या 1819 च्या नमुनावहीत कितीतरी चौकड्या नोंदल्या आहेत. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. स्वागताची व्यवस्था वॉल्टर स्कॉटकडे होती, आणि जो तो आपापल्या घराण्याची चौकडी शोधू लागला. 1842 मध्ये तर दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली एक बनावट ग्रंथ छापला. त्यातल्या चौकड्या आजही घराण्यांच्या म्हणून अभिमानाने वापरल्या जातात. म्हणून पुतण्याला सांगितले की आडनावाची चिंता नको. कोणी काय नेसावे याचा सर्वसामान्य माणसाला कायदा नाही. राजघराण्याची 'बाल्मोरल' तेवढी सोडावी, असा संकेत आहे. शहरांच्या आणि प्रांतांच्याही चौकड्या असतात. ज्या गावचे पाणी पितोस तिथली घे.

छटा आणि कापड

दुसरा प्रश्न छटेचा. तीच चौकडी, धाग्यांची तीच संख्या, पण रंग चार तऱ्हांनी मिळतात. 'मॉडर्न' म्हणजे रासायनिक रंगांची गडद छटा : बाटलीसारखा हिरवा, जवळजवळ काळा निळा. 'एन्शंट' म्हणजे जुन्या वनस्पतिरंगांची आठवण देणारी फिकी छटा. यात तांबडा नारिंगीकडे झुकतो. 'वेदर्ड' म्हणजे उन्हापावसाने विटल्यासारखी. हिरव्याचा तपकिरी होतो, निळ्याचा राखाडी. 'म्यूटेड' या सगळ्यांच्या मधली, मऊ. नाव 'एन्शंट' असले तरी कापड आजचेच असते. तेव्हा नावाकडे न पाहता तुकडा दिवसाउजेडी पाहावा, आणि दहा पावलांवरूनही पाहावा. जवळून वेगळ्या दिसणाऱ्या बारीक रेघा लांबून एक होतात. अंगाने लहान माणसाला मोठी चौकडी शोभत नाही. निऱ्यांत ती पुरी दिसतच नाही.

किल्टला लोकरीचे तिरप्या विणीचे कापड लागते. वारी 13 औंसांचे मध्यम, 16 औंसांचे जड. जड कापडाची निरी बसते आणि चालताना झोकात हलते. पूर्ण किल्टला एकेरी पन्ह्याचे आठ वार लागतात. हे वाचले आणि हसू आले. आपली नऊवारी, त्यांची आठवारी! आपल्या निऱ्या पुढे, त्यांच्या मागे. त्या निऱ्याही दोन तऱ्हांनी घालतात. एकीत मागूनही चौकडी अखंड दिसते. दुसरीत प्रत्येक निरीवर एकच ठळक रेघ येते. ही पलटणीची पद्धत.

आजीची वाकळ

पुतण्याने ग्लासगोची चौकडी 'एन्शंट' छटेत घेतली. मला मात्र चैन पडेना. आमच्या आजीचे तांबड्या चौकडीचे लुगडे होते. गोव्यातील कुणबी साडीची तांबडी-पांढरी चौकडी अशाच जातीची. ती साडी जवळपास विस्मरणात गेली होती. वेंडेल रॉड्रिक्स यांनी 2010 च्या सुमारास ती पुन्हा विणून घेतली, आणि गोव्याच्या पोशाखाचा इतिहास 2012 च्या 'मोडा गोवा' या पुस्तकात मांडला. आमच्या आजीच्या लुगड्यासाठी कोण येणार?

ते लुगडे केव्हाच फाटून वाकळीत गेले होते. माळ्यावरून वाकळ काढली. वरचा थर विटून विटकरी झालेला. एका कडेची शिवण उसवली, तर आत दुमडलेला बोटभर पट्टा निघाला, कुंकवासारखा तांबडा. माझ्या आठवणीतले लुगडे विटकरीच आहे. हा रंग आजी नवी नवरी असतानाचा. खरा कुठला? स्कॉटिश विणकरांनी हा वाद मिटवला तो छटांना वेगवेगळी नावे देऊन. चौकडी एकच, वये वेगळी.

भिंग आणि सुई घेऊन धागे मोजले : तांबडे 36, पांढरे 4, तांबडे 6, पांढरे 4. मग पुन्हा पहिल्यापासून. ताण्यातही तेच, बाण्यातही तेच. दोन रंग आणि तीन छटा. तिसरी गुलाबी, जी कोणी रंगवलीच नव्हती. एका ओळीत अख्खे लुगडे मावले.

स्कॉटलंडमध्ये 2009 पासून सरकारी टार्टन नोंदवही आहे. तिथे नवी चौकडी नोंदवायची तर धाग्यांची मोजणी द्यावी लागते. आपल्याकडे अशी वही निघेल तेव्हा निघेल. तोवर घरातल्या जुन्या वाकळी धुवायला टाकण्याआधी एक शिवण उसवून पाहा. दुमडीतला रंग कशासारखा आहे ते लिहा, धागे मोजा, आणि लुगडे कोणाचे होते तेही लिहा. आमच्या वहीत पहिली नोंद झाली आहे.