नाव पुसले तरी माणूस सापडतो!

डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटे ठेवा आणि १५ सेकंदांत नाडीचे किती ठोके पडतात ते मोजा. १८ भरले? त्याला ४ ने गुणा. तुमची नाडी मिनिटाला ७२ वेळा पडते. हेच काम आजकाल मनगटावरचे ‘स्मार्ट वॉच’ रात्रंदिवस करीत असते. ते कसे, हे प्रथम पाहू.

असे घड्याळ उलटे केले, की मागे हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त क्षणभर वाढते, शोषण वाढते आणि परत येणारा प्रकाश किंचित घटतो. शेजारचा फोटोडायोड हा चढउतार विद्युत्प्रवाहाच्या रूपाने टिपतो. मिनिटाला असे चढउतार किती, ते मोजले की झाली नाडी!

पण एक मोठा फरक आहे. बोटांनी मोजलेली नाडी तुमच्यापाशीच राहते. घड्याळाने मोजलेली नाडी बहुधा ब्लूटूथने मोबाइलवर आणि तेथून कंपनीच्या संगणकावर जाते. तिच्याबरोबर तुमची झोप, तुमची पावले आणि घड्याळ प्रथम सुरू करताना तुम्ही भरलेली जन्मतारीख, लिंग, वजन ही माहितीही जाते. ताप आला की नाडी वाढते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणजे महिनोन्‌महिन्यांच्या या आकड्यांत तुमच्या आजारपणाच्या खुणाही उमटलेल्या असतात.

“काळजी नको, आम्ही नावे काढून टाकतो,” असे आश्वासन पुष्कळदा दिले जाते. ते पुरेसे आहे का? आपण गणितच करून पाहू.

समजा, तुमच्या शाळेत पाचवी ते दहावीचे १,००० विद्यार्थी आहेत. त्यांच्या जन्मतारखा ६ वर्षांत पसरल्या आहेत, म्हणजे सुमारे ३६५ × ६ = २,१९० तारखा. मुलगा आणि मुलगी असे दोन भाग केले, की ४,३८० खण होतात. आता १,००० जणांना आपापल्या खणात बसवा. जन्म सर्व दिवशी सारखेच होतात असे धरले, तर दर पाचांपैकी सुमारे चार विद्यार्थी आपल्या खणात एकटेच असतील! नाव कोठेही नाही. तरी केवळ जन्मतारीख आणि लिंग यांवरून माणूस सापडला.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयातील नोंदी नावे वगळून संशोधकांना देण्यात आल्या होत्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडासारखा झिप कोड मात्र त्यांत तसाच होता. १९९७ च्या सुमारास लतान्या स्वीनी या संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि ती या नोंदींशी ताडून पाहिली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड याच शहरात राहत. त्यांच्या जन्मतारखेचे मतदार निघाले सहा, त्यांत पुरुष तीन आणि त्यांच्या झिप कोडचा फक्त एक. गव्हर्नरसाहेबांचा आजार आणि औषधे तिच्या हाती आली!

यात कोणी कुलूप फोडले नव्हते. दोन निरुपद्रवी याद्या शेजारी ठेवल्या, एवढेच.

मग घड्याळ वापरायचेच नाही काय? तसे नव्हे. ते उपयोगी आहे. पण प्रत्येक रकाना भरण्यापूर्वी ‘ही माहिती कशासाठी?’ असे विचारा. आवश्यक नसेल तर देऊ नका. खाते उघडताना घरातील मोठ्या माणसांना बरोबर घ्या. आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. दिलेली संमती मागे घेण्याची सोयही त्यात आहे.

पासवर्ड चोरीला गेला तर तो बदलता येतो. जन्मतारीख आणि होऊन गेलेला आजार कसा बदलणार? म्हणून ही माहिती आधीच जपायला हवी.

जाता जाता एक प्रश्न. वरच्या उदाहरणात विद्यार्थ्यांचे वजनही दिले असते, तर एकटे पडणारे विद्यार्थी वाढले असते की कमी झाले असते? विचार करा आणि आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.