सात वर्षांची वाट, चार वर्षांची वाट

देशातील आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक प्रशिक्षित परिचारिका होती. समितीने पुढे ठेवलेले उद्दिष्ट होते ५०० लोकांमागे एक. एवढ्या मुली शिकणार कुठे, किती वर्षे आणि शिकता शिकता खाणार काय, हे तिन्ही प्रश्न त्या आकड्यांबरोबरच उभे राहिले. नर्सिंगच्या शिक्षणाचा त्यानंतरचा सगळा प्रवास म्हणजे या प्रश्नांना वेळोवेळी मिळालेली उत्तरे. काही उत्तरे दूरदृष्टीची होती, काही केवळ नड भागवणारी.

महाराष्ट्राला हे प्रश्न तोवर जुने झाले होते. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि ससून रुग्णालयाच्या मदतीने परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याची सेवा करायची, रात्री घराबाहेर राहायचे. पांढरपेशा घरांना यातले काहीच मानवणारे नव्हते. तरी विधवा आणि परित्यक्ता मुली आल्या, कारण इथे शिक्षणाच्या शेवटी पगार होता. नर्सिंगकडे वळणाऱ्या मुलीचा हिशेब पुढच्या शंभर वर्षांतही फारसा बदलला नाही. हातात लवकर पैसा येईल आणि पुढे शिकताही येईल, अशी वाट कोणती?

त्या काळी वाट एकच होती. रुग्णालयाला जोडलेल्या शाळेत नाव घालायचे, वसतिगृहात राहायचे, तुटपुंज्या विद्यावेतनावर तीन वर्षे सामान्य परिचर्या शिकायची आणि मग प्रसूतिशास्त्राचे काही महिने पुरे करायचे. पुढे हे दोन्ही एकत्र आले आणि आजचा जीएनएम घडला. या शाळांनी हजारो मुलींना घडवले हे खरे. पण वॉर्डात हात कमी पडले की वर्ग बुडायचा. विद्यार्थिनी हीच रुग्णालयाची फुकटची मनुष्यशक्ती होती. शिक्षण आणि राबवणूक यांतली सीमा इतकी पुसट असणे हा त्या मुलींवर झालेला अन्यायच होता, आणि त्याची भरपाई कुठल्याही प्रमाणपत्रावर दिसत नाही.

भोर अहवालाच्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नर्सिंगची पदवी सुरू झाली. चार वर्षांचे विद्यापीठीय शिक्षण, शास्त्रविषयांचा भक्कम पाया आणि विद्यार्थिनीला विद्यार्थिनी म्हणूनच वागवणारी व्यवस्था. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघायला मात्र १९६४ साल उजाडावे लागले. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ मराठी मुलीच्या लेखी नर्सिंग म्हणजे जीएनएमच.

खेड्यांसाठी तिसरीच वाट काढली गेली. १९५१ साली पंजाबातल्या तरनतारनच्या सेंट मेरीज रुग्णालयात सहायक परिचारिका-प्रसाविकेचा, म्हणजे एएनएमचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. मॅट्रिक न झालेल्या मुलीलाही त्यात जागा होती, म्हणून तो झपाट्याने पसरला. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने या एएनएमला बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी केले आणि तिचा अभ्यासक्रम पुढे दीड वर्षांवर आला. उपकेंद्रातले बाळंतपण, लसीकरण, कुटुंब नियोजन, पावसाळ्यात ओढा ओलांडून पाड्यावर जाणे. कामाची यादी वाढत गेली आणि शिक्षण कमी झाले. अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला आणि प्रवेशासाठी बारावी लागू लागली, ती बऱ्याच काळाने.

अशा तीन वाटा तयार झाल्या. घोटाळा त्यांच्या संख्येत नव्हता, त्या एकमेकींना नीट जोडलेल्या नव्हत्या यात होता. एएनएम झालेली मुलगी जीएनएमला जाऊ शकते, पण पहिल्या वर्षापासून. सुई टोचणे, नाडी पाहणे, बाळंतिणीची तपासणी हे सारे तिने उपकेंद्रात केलेले असते, तरी ते तिला कोऱ्या पाटीवर पुन्हा शिकावे लागते. जीएनएमनंतर पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षे. दोन, तीन आणि दोन मिळून सात. बारावीनंतर थेट बी.एस्सी.ला गेलेली तिची मैत्रीण चार वर्षांत तिथेच पोहोचते. एम.एस्सी.साठी एक वर्षाचा अनुभव आणि दोन वर्षांचा अभ्यास धरला, तर मैत्रीण सातव्या वर्षी पदव्युत्तर झालेली असते.

हिशेब कागदावर सोपा आहे, पण दहावीच्या निकालाच्या दिवशी तो मुलीला कुणी मांडून दाखवत नाही. थेट बी.एस्सी.ला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते. म्हणजे खरा फाटा अकरावीच्या प्रवेशापाशीच फुटतो. ज्या तालुक्यात विज्ञान शाखेचे चांगले कनिष्ठ महाविद्यालय नाही, तिथली मुलगी कला शाखेत जाते आणि तिच्या नकळत तीन वर्षे मागे पडू शकते. हुशारीचा इथे काही संबंध नसतो.

तरीही लांब वाटेला कमी लेखणे चुकीचे ठरेल. जीएनएम झालेली मुलगी तिसऱ्या वर्षानंतर कमावू लागते, धाकट्या भावंडांच्या फीला हातभार लावते, आणि अनेकींना हेच सर्वांत आधी हवे असते. अशा नोकरदार सिस्टरांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ साली पोस्ट बेसिक पदवी दूरशिक्षणातून सुरू केली, हे पाऊल फार मोलाचे होते. नाईट ड्युटी संपवून संपर्कवर्गाला बसणाऱ्या बायकांनी ही पदवी मिळवली. नोकरी सोडायची अट असती, तर त्यातल्या कित्येक जणींनी अर्जही भरला नसता.

१९८७ साली नेमलेल्या सरोजिनी वरदप्पन समितीनेही या व्यवसायाचे शिक्षण आणि सेवाशर्ती यांचा सविस्तर विचार केला होता आणि पदवीच्या शिक्षणावर भर दिला होता. अंमलबजावणी कूर्मगतीने झाली. महाराष्ट्रात १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आले, त्यानंतर नर्सिंगच्या पदव्या एका छत्राखाली आल्या आणि खासगी महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली. जागा वाढल्या, फीही वाढली. शासकीय संस्थेतली जागा आणि खासगी संस्थेतली जागा यांत पालकाच्या खिशाला पडणारा फरक इतका मोठा आहे, की वर्ष वाचवण्याच्या नादात कर्ज ओढवून घेणारी कुटुंबे आहेत. महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा मूळ रुग्णालय पाहावे. खाटा किती, रोगी किती आणि वॉर्डात शिकवणारे कोण आहे? रोगी नसलेल्या रुग्णालयात चार वर्षे काढलेली पदवीधर मुलगी पहिल्याच आयसीयू ड्युटीला अडखळते, आणि तो दोष तिचा नसतो.

नोकरीच्या बाजारानेही अलीकडे आपला कौल दिला आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी २०२० पासून नॉरसेट ही सामाईक परीक्षा होते. पदवीधर मुलगी शिक्षण संपताच तिला बसू शकते. जीएनएम झालेलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. २०१८ नंतर उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. त्यासाठी सहा महिन्यांचा वेगळा प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता. तो भाग पुढे बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमातच सामावला गेला. चार वर्षांची पदवी सत्रपद्धतीची झाली ती २०२१ च्या नव्या नियमावलीने. २०२३ पासून राज्याचा सीईटी कक्ष बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षा घेतो.

परदेशाची वाट मराठी मुलींच्या नियोजनात उशिरा आली. केरळच्या मुलींनी ती फार आधी ओळखली होती. मुंबईच्या रुग्णालयांत त्या पिढ्यान्‌पिढ्या दिसतात, आणि अनेकींसाठी मुंबई हा आखाताच्या किंवा युरोपच्या वाटेवरचा मुक्काम असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिथे मान्यता मिळवायला जर्मन भाषेची बी-२ पातळी गाठावी लागते. ही तयारी पदवीनंतर सुरू केली तर आणखी बराच काळ जातो. तिसऱ्या वर्षापासून भाषेचा वर्ग लावणारी मुलगी तो वाचवते.

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात २०१४ नंतर निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांशेजारी १५७ नवी परिचर्या महाविद्यालये जाहीर झाली. जागांचा प्रश्न त्यातून काहीसा हलका होईल. पण अभ्यासक्रमाचे निकष ठरवण्याचे काम नव्या कायद्याने आयोगाकडे सोपवले आहे, तेव्हा पहिला विचार एएनएमच्या त्या दोन वर्षांचा व्हायला हवा. गावोगावच्या उपकेंद्रांत राबणाऱ्या आरोग्यसेविकेच्या शिक्षणातले आणि अनुभवातले एक वर्ष जरी जीएनएममध्ये धरले गेले, तरी सातांची सहा होतील.